चाके की फ्लॅप? छोट्या विमानांच्या एका अपघाताचा आणि त्याच्या कारणाचा इतिहास

१९७० च्या दशकातील अमेरिकेत छोट्या विमानांचा एक अपघात इतक्या वेळा घडला की त्याचे वर्णन नाटकातल्या एखाद्या ठरलेल्या प्रवेशासारखे करता येते. चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान उतरायला येते. हवा स्वच्छ असते, वारा मंद असतो. चाके वेळेवर खाली आलेली असतात. विमान अलगद टेकते आणि धावपट्टीवर धावू लागते. प्रवासी पट्टा सोडण्याच्या विचारात असतात. आणि मग, कोणतेही संकट समोर नसताना, बैल गुडघ्यांवर बसावा तसे ते विमान धावता धावता खाली बसते. प्रोपेलरची पाती धावपट्टीवर आपटून वाकतात, इंजिन हिसक्यासरशी थांबते, पोटाचा पत्रा खरवडत विमान काही अंतर जाते आणि थांबते.

माणसे बहुधा आपल्या पायांनी बाहेर येतात. वैमानिक विमानाकडे पाहत उभा राहतो. आपण काय केले हे त्याला त्या क्षणी कळलेले असते. ते का केले हे मात्र कळत नाही.

अहवालात एक वाक्य लिहिले जाई : वैमानिकाने फ्लॅपऐवजी चाके वर घेतली. कारण, वैमानिकाची चूक. वाक्य खोटे नव्हते. हात त्याचाच होता, खटकाही त्यानेच हलवला होता. पण एकाच जातीच्या विमानांत, एकाच क्षणी, वेगवेगळ्या वयांच्या आणि वेगवेगळ्या अनुभवाच्या माणसांचा हात त्याच चुकीच्या खटक्यावर जात असेल, तर त्या वाक्याने नेमके काय सांगितले? या प्रश्नाचे उत्तर १९४३ मध्येच मिळाले होते. छोट्या विमानांच्या बाबतीत ते अधिकृतपणे कागदावर यायला १९८० उजाडले. मधली ३७ वर्षे हा या कथेचा खरा विषय.

आधी थोडी यंत्राची माहिती हवी.

विमानाची चाके पोटात किंवा पंखात ओढून घेण्याची पद्धत १९३० च्या दशकात सर्वत्र रूढ झाली. उड्डाणात चाके निरुपयोगी असतात आणि हवेला अडथळा करतात. ती आत घेतली की त्याच इंजिनावर वेग वाढतो. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकेच नव्हती, ते लाकडी घसरपट्ट्यांवर उतरत असे, त्यामुळे चाके विसरण्याची भीती त्यांना नव्हती. नव्या सोयीबरोबर नवी चूक जन्माला आली. चाके खाली न घेताच उतरणाऱ्यांची संख्या इतकी झाली की वैमानिकांत एक जुनी म्हण आहे : वैमानिक दोन प्रकारचे असतात, चाकांविना उतरलेले आणि अजून उतरायचे राहिलेले.

परंतु इथे पाहायचा अपघात त्याहून निराळा आहे. त्यात विसर नाही. चाके खाली आहेत, जागेवर घट्ट बसली आहेत, विमान त्यांच्यावर उभे आहे. ती वर घेतली जातात ती जमिनीवर आल्यानंतर.

त्याचे मूळ फ्लॅपमध्ये आहे. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बसवलेला हलता भाग. उतरताना तो खाली झुकवला की पंखाचा बाक वाढतो आणि कमी वेगातही विमान हवेत तरून राहते. चाके टेकल्यावर मात्र हेच फ्लॅप आड येतात. विमान जमिनीवर असते, तरी पंख अजून थोडा भार उचलून धरतात. चाकांवर पुरते वजन येत नाही आणि ब्रेक दाबले तर टायर नुसते घसरतात. म्हणून आखूड धावपट्टीवर उतरणारा वैमानिक टेकताक्षणी फ्लॅप वर घेतो. सरावाच्या उड्डाणांतही हेच होते. तिथे विमान टेकवून, न थांबता, पुन्हा उडवायचे असते. त्या चार-पाच सेकंदांत फ्लॅप सावरून इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा असतो. डोळे धावपट्टीवर, पाय दिशा सांभाळण्यात, आणि हात एकटाच खटका शोधायला गेलेला.

विमान जमिनीवर असताना चाके वर जाऊ नयेत यासाठी एक संरक्षक खटका असतो. चाकाच्या दांड्यात धक्का शोषणारी नळी असते. विमानाचे वजन पडले की ती दबते, आणि ती दबलेली असेपर्यंत चाके वर घेणाऱ्या यंत्रणेचा वीजपुरवठा तुटलेला राहतो. योजना उत्तम आहे. पण तिच्यात एक फट आहे, आणि ती नेमकी नको त्या जागी आहे. वैमानिक फ्लॅप वर घेतो तो चाकांवर अजून वजन आलेले नाही म्हणून. वजन आलेले नाही म्हणजे नळी दबलेली नाही. नळी दबलेली नाही म्हणजे संरक्षक खटका अजून जागा झालेला नाही. ज्या सेकंदाला हात चुकण्याचा संभव सर्वांत जास्त, त्याच सेकंदाला पहारेकरी झोपलेला असतो.

आता १९४३.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाला एका गोष्टीने हैराण केले होते. युरोपवर बाँबफेक करणारी चार इंजिनी बी-१७ विमाने सुखरूप परत येत, धावपट्टीवर उतरत आणि मग पोटावर बसत. शत्रूची तोफ चुकवून आलेले विमान आपल्याच तळावर, आपल्याच माणसाच्या हातून निकामी होई. बी-२५ आणि पी-४७ या विमानांतही हेच होत होते. चाके आणि फ्लॅप यांची गफलत होऊन २२ महिन्यांत झालेल्या अपघातांची संख्या चारशेच्या वर गेली. शिस्त कडक करणे, सूचना पुन्हा बजावणे, निष्काळजी माणसांना धारेवर धरणे हे नेहमीचे उपाय होतेच.

ओहायो राज्यातील डेटन या गावी, म्हणजे राइट बंधूंच्याच गावी, राइट फील्ड हा हवाई दलाचा संशोधन तळ होता. तिथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेत आल्फॉन्स चपॅनिस नावाचा, येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेला एक लेफ्टनंट काम करीत होता. वय २६. या कोड्याचा उलगडा करण्याचे काम त्याच्याकडे आले.

चपॅनिसने वैमानिकांच्या मनात डोकावण्याआधी त्यांच्या केबिनमध्ये डोकावून पाहिले. चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी होते. आकार एक, हलवण्याची रीत एक, बोटांना लागणारा स्पर्शही बहुतेक एकच. घरातल्या भिंतीवर सहा सारख्या बटनांची पाटी असते. वर्षानुवर्षे त्याच घरात राहणारा माणूसही अंधारात दिव्याऐवजी पंखा लावतो, आणि त्याला कोणी निष्काळजी म्हणत नाही. बी-१७ च्या केबिनमध्ये दिव्याच्या जागी फ्लॅप होता आणि पंख्याच्या जागी चाके, एवढाच फरक.

याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढे आहे. हवाई दलात सी-४७ हे मालवाहू विमानही होते. तेही चाके आत घेणारे, तेही फ्लॅपचे, आणि त्याचे वैमानिक त्याच प्रशिक्षणकेंद्रांतून आलेले. पण सी-४७ चे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर चाके वर घेत नसत. त्या विमानात दोन्ही दांडे एकमेकांच्या शेजारी नव्हते आणि ते हलवण्याच्या पद्धतीही अगदी भिन्न होत्या. माणूस तोच, थकवा तोच, युद्ध तेच. खटके बदलले की चूक नाहीशी होते. वैमानिकाचा आळस हे कारण मानले, तर हा फरक समजावून सांगता येत नाही.

उपाय इतका साधा होता की त्याचे हसू यावे. चाकांच्या खटक्याच्या टोकाला रबराचे लहानसे चाक लावायचे आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा, पंखाच्या कडेसारखा तुकडा. डोळे धावपट्टीवर असले तरी बोटांना कळते : गोल आहे, म्हणजे चाके, चपटे आहे, म्हणजे फ्लॅप.

युद्ध संपल्यावर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याच राइट फील्डवर हा विचार मोठ्या प्रमाणावर तपासला. त्यांनी वैमानिकांना विचारले : विमानाचे एखादे नियंत्रण हाताळताना तुमच्याकडून किंवा तुमच्या डोळ्यांसमोर झालेली चूक सांगा. असे ४६० अनुभव जमा झाले आणि १९४७ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच्या शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. ती दोन चिन्हे म्हणजे जवळजवळ निम्मा निष्कर्षच. त्या अनुभवांपैकी सुमारे निम्मे एकाऐवजी दुसरेच नियंत्रण हलवल्याचे होते. इंजिनाच्या दांड्यांची आपापसांत गफलत १९ टक्के, आणि चाके व फ्लॅप यांची १६ टक्के. अशा बहुसंख्य चुका माणसाला साजेशी नियंत्रणे रचून टाळता येतील, असा त्यांचा रोख होता.

(चपॅनिसने पुढे हाच धागा स्वयंपाकघरापर्यंत नेला. १९५९ मध्ये त्याने लिंडेनबॉम या सहकाऱ्याबरोबर चार बर्नरच्या शेगडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बर्नर चौकोनात आणि खटके एका ओळीत असले की कोणता खटका कोणत्या बर्नरचा हे माणसे चुकतात. बर्नर थोडे तिरकस सरकवून खटक्यांच्याच क्रमाने मांडले की चुकत नाहीत. दूध तापवायला ठेवून शेजारचा रिकामा बर्नर पेटवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचून सुस्कारा सोडायला हरकत नाही. बाजारातल्या चार बर्नरच्या शेगड्या अजूनही बहुतेक चौकोनीच असतात.)

तर १९४७ पर्यंत निदान झाले होते, औषधही सापडले होते. आणि त्याच वर्षी कॅन्सस राज्यातील विचिटा येथे एका नव्या विमानाची विक्री सुरू झाली.

बीचक्राफ्ट बोनान्झा. वॉल्टर बीच आणि त्यांची पत्नी ऑलिव्ह ॲन यांनी १९३२ मध्ये स्थापलेल्या कंपनीचे हे युद्धोत्तर काळातले स्वप्न होते. पहिले उड्डाण २२ डिसेंबर १९४५ चे. सर्व अंग धातूचे, चार आसने, विजेवर चालणारी आत जाणारी चाके, आणि शेपटीला तीनऐवजी दोनच पाती, इंग्रजी व्ही अक्षरासारखी पसरलेली. किंमत आठ हजार डॉलरच्या किंचित खाली. त्या काळच्या कापडी, खडखडणाऱ्या छोट्या विमानांपुढे बोनान्झा म्हणजे बैलगाड्यांच्या रांगेत आलेली मोटार होती. मार्च १९४९ मध्ये बिल ओडम हा वैमानिक या विमानाने होनोलुलूहून निघून वाटेत कुठेही न उतरता न्यू जर्सीपर्यंत पोहोचला. अंतर ४,९०० मैलांहून अधिक, वेळ सुमारे ३६ तास. असे विमान लोकांनी डोक्यावर घेतले नसते तरच नवल. बोनान्झाची बांधणी त्यानंतर कित्येक दशके चालू राहिली आणि एकूण संख्या १७ हजारांच्या पुढे गेली.

या देखण्या विमानाच्या केबिनमध्ये चाकांचे नियंत्रण मधल्या भागाच्या उजवीकडे होते आणि फ्लॅपचे डावीकडे.

१९४५ मध्ये यात गैर काहीच नव्हते, हे बीच कंपनीच्या बाजूने स्पष्ट सांगायला हवे. कोणते नियंत्रण कोणत्या बाजूला असावे याचा सर्वमान्य संकेत तेव्हा नव्हता. प्रत्येक कारखान्याची आपली रीत होती आणि बोनान्झाची रीत इतरांपेक्षा वेडीवाकडी नव्हती. अडचण नंतर आली. पुढच्या काळात इतर उत्पादक हळूहळू एका मांडणीवर स्थिरावले : चाकांची मूठ थ्रॉटलच्या डावीकडे, फ्लॅपची उजवीकडे, चाकांच्या मुठीचा आकार चाकासारखा, फ्लॅपच्या मुठीचा पंखाच्या छेदासारखा. म्हणजे चपॅनिसचीच कल्पना. अमेरिकेच्या नियमावलीतही ती पुढे शब्दशः उतरली. सेस्नाची चाके आत घेणारी विमाने या मांडणीची होती. पायपरच्या ॲरो विमानात तर फ्लॅपसाठी दोन आसनांमध्ये मोटारीच्या हातब्रेकसारखा लांब दांडाच होता. तो ओढताना चाकांच्या छोट्या मुठीचा भास व्हायला माणूस झोपेतच असावा लागेल.

बोनान्झा मात्र जिथल्या तिथे राहिली. १९६० पासून तिच्या शेजारी आलेले दोन इंजिनांचे भावंड, बॅरन, त्याच वळणावर गेले. बॅरनमध्ये तर इंजिनाच्या दांड्यांचा क्रमही निराळा होता. इतरत्र थ्रॉटल सर्वांत डावीकडे असे. इथे डावीकडे प्रोपेलरचे दांडे आणि थ्रॉटल मध्ये.

नियम बदलल्यावर जुनी विमाने कशी सुटतात? विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळते ते त्याच्या नमुन्याला. बोनान्झाच्या मूळ नमुन्याला ते १९४० च्या दशकातल्या नियमांनुसार मिळाले होते. पुढे त्याच नमुन्यात सुधारणा करून नवी विमाने बनवली, तरी पाया जुन्याच नियमांचा धरला जातो. ही सवलत अन्यायाची नाही. ती नसती तर प्रत्येक नव्या नियमासरशी सारा ताफा भंगारात काढावा लागला असता. पण तिचा परिणाम असा झाला की कारखान्यातून नवे कोरे बाहेर पडणारे विमान आपल्या केबिनमध्ये तीस वर्षांपूर्वीचा निर्णय घेऊन येत होते.

त्यातच छोट्या विमानांचा वैमानिक बदलला होता. १९७० च्या दशकातला वैमानिक एकाच विमानाशी बांधलेला नसे. शिकला सेस्नावर, भाड्याने घेतले पायपर, आणि हातात चार पैसे आल्यावर विकत घेतली बोनान्झा. हजार वेळा उजवीकडे जाऊन फ्लॅप वर घेतलेल्या हाताला कोणी सांगितले नव्हते की या विमानात उजवीकडे चाके आहेत. डोक्याला सांगितले होते; डोके ते परीक्षेत बिनचूक लिहीतही होते. पण उतरल्यानंतरच्या त्या सेकंदांत डोके धावपट्टीत गुंतलेले असे आणि हात आपल्या जुन्या वाटेने जाई. मानसशास्त्र इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवते : काय करायचे हेच चुकीचे ठरवणे, आणि ठरवले बरोबर पण हातून घडले दुसरेच. दुसऱ्या प्रकाराला प्रशिक्षण फारसे लागू पडत नाही, कारण शिकण्यासारखे काही उरलेलेच नसते. उलट हा घोटाळा सराईतालाच अधिक होतो. नवशिक्या प्रत्येक खटका शोधून, पाहून हलवतो.

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, हे स्वतंत्र मंडळ आहे. १९८० मध्ये मंडळाने या एकाच विषयावर विशेष अहवाल काढला आणि त्याच्या नावातच निकाल दिला : बीच बॅरन, बोनान्झा आणि इतर छोट्या विमानांतील ‘रचनेमुळे घडणारे’ चाके मिटण्याचे अपघात. वैमानिकाचा उल्लेख शीर्षकात नाही.

आकडे १९७५ ते १९७८ या चार वर्षांचे होते. एक इंजिनाच्या, चाके आत घेणाऱ्या छोट्या विमानांत चाके चुकून मिटल्याचे २४ अपघात झाले. त्यांपैकी १६ बोनान्झाचे. त्या वर्गातल्या विमानांत बोनान्झाचा वाटा एक-तृतीयांशाहूनही कमी होता. दोन इंजिनांच्या छोट्या विमानांत असे ३९ अपघात. त्यांपैकी २१ बॅरनचे, आणि बॅरनचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. हे आकडे लहान दिसतात, पण अमेरिकी नियमांच्या व्याख्येत चाकांचे किंवा जमिनीवर आपटून झालेले प्रोपेलरच्या पात्यांचे नुकसान एकट्याने ‘मोठे नुकसान’ ठरत नाही. विमान पोटावर बसले, पाती वाकली, गॅरेजमध्ये गेले, विम्याचे पैसे आले आणि विषय मिटला, अशी प्रकरणे अपघातांच्या यादीत येतच नाहीत. यादीत आलेली २४ आणि ३९ ही त्याहून जबर मार बसलेली.

मंडळाने चार दोष दाखवले. दोन मुठी स्पर्शाने ओळखता याव्यात इतक्या वेगळ्या आकाराच्या नव्हत्या. चाकांच्या नियंत्रणावर पुरेसे झाकण किंवा अडसर नव्हता, म्हणजे मूठ हलवण्याआधी हाताला क्षणभर थांबवणारे काही नव्हते. दोन्ही नियंत्रणांच्या जागा प्रचलित मांडणीच्या उलट होत्या. आणि चौथा दोष बोनान्झाच्या खास घडणीचा : या विमानांत सुकाणू केबिनच्या मधोमध पुढच्या फळीतून बाहेर येते आणि त्याला एक आडवी दांडी जोडलेली असते. ती नेमकी त्या मुठींच्या समोर येते. वैमानिकाने मान वळवून पाहायचे ठरवले, तरी दांडी आड.

यांतला एकेक दोष सुटा घेतला तर किरकोळ वाटतो. मूठ न दिसणे चालले असते, जर ती स्पर्शाने कळली असती. स्पर्शाने न कळणे चालले असते, जर ती अपेक्षित बाजूला असती. उलट बाजूला असणेही खपले असते, जर मध्ये एखादा अडसर असता. चारही एकत्र आले आणि पाचवा तो झोपलेला पहारेकरी, वजन पडल्याखेरीज जागा न होणारा संरक्षक खटका.

या अहवालाचे मोल समजण्यासाठी ‘कारण’ या शब्दाचा पैसा आणि परवाना यांच्याशी असलेला संबंध लक्षात घ्यावा लागतो. कारण वैमानिक असेल, तर त्याच्या नावापुढे नोंद होते, फेरपरीक्षा होते, विम्याचा हप्ता वाढतो आणि विमान दुरुस्त होऊन त्याच खटक्यांसह पुन्हा उडते. कारण रचना असेल, तर खर्च कारखान्याकडे वळतो आणि प्रश्न नियमन करणाऱ्या संस्थेपुढे उभा राहतो. पहिले उत्तर सर्वांनाच स्वस्त पडत होते, एका वैमानिकाचा अपवाद सोडून. आणि तो वैमानिकही बहुधा तक्रार करीत नसे. चाके आपणच वर घेतली हे त्याला पक्के ठाऊक असे आणि त्याची त्याला लाज वाटत असे. इतकी वर्षे हा प्रश्न दबून राहिला त्यात या लाजेचा वाटा मोठा असला पाहिजे. युद्धात विमाने सरकारची होती, सरकारला प्रत्येक बी-१७ मोजून हवे होते; म्हणून १९४३ मध्ये कोणीतरी केबिनमध्ये डोकावले. खासगी मालकाच्या विमानाचे पोट घासले, तर ते त्याचे आणि विमा कंपनीचे प्रकरण.

तरीही, मुठींच्या जागा तत्काळ का अदलाबदल केल्या नाहीत, असे विचारणे सोपे आहे. कल्पना करा, एखाद्या मालकाने वीस वर्षे बोनान्झाच चालवली आहे. त्याच्या हाताला उजवीकडे चाके हेच वळण आहे. उद्या त्याच्या नव्या बोनान्झात चाके डावीकडे आली, तर काल जो सुरक्षित होता तोच आज धोक्यात येईल. एका गटाची चूक थांबवताना दुसऱ्या गटाला ती शिकवावी लागणार. ही अडचण खरी होती, आणि बीचचे ग्राहक एकदा बोनान्झा घेतली की सहसा दुसरीकडे न जाणारे होते. पण दरवर्षी थांबावे तशी जुन्या वळणाच्या माणसांची आणि विमानांची संख्या वाढतच जाते. बदलाची किंमत सर्वांत कमी असते ती पहिल्या दिवशी. नंतर ती रोज वाढते.

अखेर १९८४ च्या बोनान्झा आणि बॅरनमध्ये बीचने केबिनची मांडणी बदलली. चाकांची मूठ डावीकडे आली, फ्लॅपची उजवीकडे गेली, दांड्यांचा क्रम इतरांसारखा झाला. पहिल्या बोनान्झाच्या उड्डाणाला तेव्हा ३८ वर्षे झाली होती.

त्याआधीची विमाने काही नाहीशी झाली नाहीत. छोटी विमाने मोटारींपेक्षा कितीतरी अधिक जगतात. १९५०-६० च्या दशकांतल्या बोनान्झा आजही उडतात, विकल्या जातात आणि सेस्नावर शिकलेल्या हातांत येतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षकांनी जो नियम घालून दिला तो यंत्राचा नसून हाताचा आहे : धावपट्टी पूर्ण सोडून, विमान थांबवेपर्यंत कोणत्याही मुठीला स्पर्श करायचा नाही. मग मुठीवर बोटे ठेवायची, तिचे नाव मोठ्याने उच्चारायचे, वाकून त्या आडव्या दांडीच्या पलीकडे पाहायचे, आणि मगच ती हलवायची. आखूड धावपट्टीवर थोडे लवकर थांबण्याचा फायदा यात जातो. तो जाऊ द्यावा, असे जुन्या बोनान्झाचे मालक सांगतात. ब्रेक नवे घालता येतात, घासलेल्या इंजिनाचे बिल त्याहून फार मोठे असते.